सुमित्राबाईंच्या नावावरचं रक्त

१

जगाच्या इतिहासात सोनं चोरीला गेलं आहे, मुकुट गेले आहेत, अख्खी राज्यं गेली आहेत. पण चालत्याबोलत्या माणसाच्या अंगातलं सगळं रक्त काढून न्यायचं, त्या जागी दुसऱ्या गटाचं भरून ठेवायचं आणि त्या माणसाला पत्ताही लागू द्यायचा नाही, असा गुन्हा आजवर एकदाच घडला आणि तो मान वर्धा जिल्ह्याकडे जातो.

तक्रार रक्तपेढीतल्या संगणकाने केली. आणि तपासासाठी ज्या अधिकाऱ्याला बोलावण्यात आलं, तो त्या वेळी दवाखान्याच्या हॉलमध्ये बसून कुणा अनोळखी माणसाच्या डब्यातली आलू-वांग्याची भाजी खात होता.

या अधिकाऱ्याचं नाव हरिभाऊ. जिल्हा परिषदेत उभी हयात त्यांनी चौकशा केल्या. त्यांच्या चौकशीत कुणी दोषी सापडल्याचं कुणाला आठवत नाही, त्यामुळे निरोप समारंभ फार भावनापूर्ण झाला. पुढे पत्नी सुधाताई गेल्या, मुलगा मिहिर पुण्याला होताच, आणि वर्ध्यालगतच्या पिपरी मेघे गावातल्या घरात हरिभाऊ आणि फ्रिज एवढे दोघेच आवाज करणारे उरले. मग ते रोज सकाळी पेपर घेऊन या दवाखान्यात येऊ लागले. इथला हॉल माणसांनी भरलेला असतो. कुणी डबा पुढे करतं, कुणी विचारतं, "पेशंट कोण तुमचा?" हरिभाऊ आतल्या दिशेने मोघम हात करत. समोरचा माणूस सुस्कारा टाकून आणखी एक पोळी वाढत असे.

रक्तपेढीच्या डॉक्टर वेदश्रीने त्यांना कधीचं ओळखलं होतं. पण तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती हॉलमध्ये येऊन त्यांच्या शेजारी बसली.

"काका, तुमचा पेशंट आत नाहीये, हे मला माहीत आहे. चौकशी समितीला बाहेरचा एक सदस्य लागतो. येता?"

हरिभाऊंनी भाजी देणाऱ्याचे आभार मानले आणि उठले. पकडला गेलेला माणूस नेहमीच मदतीला तयार असतो.

२

प्रकरण असं होतं. हिंगणीच्या किराणा दुकानदार पुंडलिकरावांच्या विधवा पत्नी सुमित्राबाई अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करायचं, तर अंगात रक्त कमी. वॉर्डातल्या सपना सिस्टरने नळीत रक्त घेऊन रक्तपेढीत पाठवलं. वेदश्रीने स्वतः तपासलं. गट निघाला ओ.

संगणकात मात्र सुमित्राबाई बी होत्या. मुलगा निकेश घरच्या डब्यातून जुनं पिवळं कार्ड घेऊन आला होता. त्याच नंबरावर त्याच्या जन्माच्या वेळची नोंद होती: नाव सुमित्रा पुंडलिक, गट बी.

"गट बदलतो का?" हरिभाऊंनी विचारलं.

वेदश्री म्हणाली की माणसाचा पत्ता बदलतो, पक्ष बदलतो, गट बदलत नाही. हाडातला मगज बदलला तरच, आणि तो हिंगणीला बदलून मिळत नाही.

मग तिने त्यांना पेढीत नेऊन सगळं समजावलं. लाल पेशींच्या अंगावर खूण असते. कुणाच्या ए, कुणाच्या बी, कुणाच्या दोन्ही, आणि ओवाल्यांच्या अंगावर यातली एकही नाही. आणि प्रत्येकाच्या रक्तात वॉचमन असतात. जी खूण आपल्या घरात नाही, ती दिसली की ते तुटून पडतात. ओवाल्या माणसाला बीची पिशवी लावली, तर वाटीभर रक्त जायच्या आत हुडहुडी भरते, पेशी फुटतात, लघवी काळी होते, मूत्रपिंडं बसतात. म्हणून पिशवी देण्याआधी पेशंटच्या रक्ताचा आणि पिशवीचा थेंब एकमेकांत मिसळून बघायचे. गुठळी झाली, तर पिशवी परत फ्रिजमध्ये.

हरिभाऊंच्या कॉलनीतला वॉचमन दुपारपासून झोपतो. अंगातले झोपत नाहीत, हे ऐकून त्यांना थोडं बरं वाटलं.

"मग आता बाईंना काय दिलं?"

"ओची एक पिशवी. ओच्या पेशींवर खूणच नसते, त्यामुळे त्या कुणालाही चालतात. पण ओवाल्याला दुसऱ्या कुणाचं चालत नाही. तो देतो सगळ्यांना, घेतो फक्त ओकडून."

"म्हणजे घरातली बाई," हरिभाऊ म्हणाले.

वेदश्री हसली नाही. जुनी नोंद आणि नवी नळी जुळत नसली, की दवाखान्यात त्याचा एकच अर्थ घेतात. नळीत दुसऱ्याच पेशंटचं रक्त आहे. शेजारच्या खाटेवरच्या कमलाबाई ओ गटाच्या होत्या. नळी भरणारी सपना कंत्राटी होती. संध्याकाळी समिती बसणार होती आणि अध्यक्षांनी निष्कर्ष सकाळीच टाइप करायला दिला होता.

"मग पुन्हा रक्त काढा आणि बघा. संपला तपास," हरिभाऊ म्हणाले.

"तीच तर अडचण आहे," वेदश्री म्हणाली. "बाई रक्त काढू देत नाहीत."

३

सपना नळ्यांच्या ट्रेपाशी उभी होती. रडून झालेलं होतं, आता नुसता राग उरला होता.

तिने सांगितलं ते असं. पहिली नळी तिने घेतली. गट जुळेना म्हटल्यावर दुसरी मागवली. नियमाप्रमाणे दुसरी नळी दुसऱ्या सिस्टरने घ्यायची असते. पण दुसरी सिस्टर एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेली होती, डॉक्टर घाई करत होते, म्हणून दुसरीही तिनेच घेतली. तीही ओ निघाली. आता सगळे म्हणतात, एकदा चुकली ती दोनदा चुकली.

"काकाजी, मी नाव विचारलं दोन्ही खेपा. बाई म्हणे सुमित्रा. हाताच्या पट्टीवरही सुमित्रा. मंग मी अजून काय विचारू, आधारावर बोट लावायले सांगू?"

तिला या कंत्राटावरून काढलं, तर जिल्ह्यात दुसरा कोणता दवाखाना ठेवून घेणार नाही. हे तिने सांगितलं नाही. हरिभाऊंना ते माहीत होतं. चौकशा करणाऱ्याला शिक्षेचे दर पाठ असतात.

त्यांनी विचारलं की बाई सुईला घाबरतात का. सपना म्हणाली, छे. सलाइन लावलं तेव्हा हूं की चूं नाही. दोन नळ्या दिल्या हसत. निकेशभाऊ बाहेरून येऊन सांगू लागला, की संगणकात जुनं रक्त बी लिहिलेलं हाय, त्याच्या जन्माच्या वेळचं. तेव्हापासून बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या नळीला हात दिला नाही.

"आणि एक," सपना म्हणाली. "एक्स-रेच्या वेळी गळ्यातलं काढा म्हटलं, तर काढेना. काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक हाय. देवी हाय म्हणे. मी म्हटलं, देवीले दोन मिनिटं माह्यापाशी ठेवा, मी काही पळवत नाई. तर म्हणे, हे उतरवायचं नसते."

हरिभाऊ वॉर्डाच्या दारातून आत बघून आले. बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि टाक पदराबाहेर आला होता. देवीच्या हातात शस्त्र असतं, पायाशी वाहन असतं. या देवीकडे काहीच नव्हतं. डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळाला मोठं कुंकू लावलेली ती एक साधी बाई होती.

४

निकेश जिन्याखाली स्कूटरच्या स्टॅंडपाशी सापडला. हिंगणीचं दुकान आता तोच बघत होता. तीन दिवसांपासून दुकान बंद आणि तो इथे. तो अत्यंत रागावलेला होता आणि त्याचं कारण वेगळंच होतं.

त्याने आल्याआल्या आईसाठी रक्त द्यायला हात पुढे केला होता, आणि रक्तपेढीने त्याचं रक्त घेऊन ते भलत्याच पेशंटसाठी ठेवलं. आईसाठी नाही.

"मी पोरगा हाय तिचा, काकाजी. पोराचं रक्त मायले चालत नाई म्हणतात. असं कसं राह्यते? तिच्यातूनच तर आलो ना मी. बाहेरचं चालते आणि घरचं चालत नाई."

हरिभाऊंनी विचारलं, गट कोणता तुझा. निकेशने खिशातून रक्तदात्याचं कार्ड काढून दाखवलं. आमदारांच्या वाढदिवसाला तो दरवर्षी रक्त देतो, कार्डासोबत पाण्याची बाटली मिळते. गट एबी.

"एबी म्हणजे राजा गट हाय. मले कोणाचंही चालते," निकेश म्हणाला आणि मग आवाज उतरला. "पण माह्यं कोणालेच नाई, एबीशिवाय."

मायच्या माहेराबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, तिकडे कुणी नाही. वडिलांचं दुकान आधी दुसऱ्या गावी होतं, तो पाळण्यात असताना हिंगणीला आले. भाऊबहीण कुणी नाही. पुंडलिकराव अबोल होते, गिऱ्हाइकाशीही वजनाएवढंच बोलत. घरात बोलणारी एकच, माय.

"तिले काही होणार तर नाई ना, काकाजी? मले तिच्याशिवाय कोणी नाई."

हरिभाऊ म्हणाले, काही होणार नाही. आणि जिना चढता चढता मध्येच थांबले. रेलिंग धरून ते इतका वेळ उभे राहिले, की एका आजीने त्यांना आपली काठी देऊ केली.

५

वेदश्री रक्तपेढीत एकटीच होती.

"डॉक्टर, जुनी नोंद चुकीची असू शकते?"

"मीही तेच धरून चालले होते. पण नाही. त्या बाळंतपणात रक्तस्राव फार झाला. बीच्या दोन पिशव्या चढवल्या आणि बाई बाळ घेऊन चालत घरी गेल्या. त्या ओ असत्या तर चालत गेल्या नसत्या."

"म्हणजे जुनी नोंद खरी. आता ही खूण मुलांना कशी मिळते ते सांगा. मी चौथीच्या पोरासारखा आहे, असं समजा."

वेदश्री म्हणाली, सोपं आहे. प्रत्येक पोराला एक वाटा आईकडून, एक वाटा बापाकडून. ओवाल्या आईच्या दोन्ही मुठी रिकाम्या असतात. ती पोराला काहीच देऊ शकत नाही. तिच्या पोराला जे मिळेल ते एकट्या बापाकडून. ए मिळेल, किंवा बी मिळेल, किंवा तेही नाही.

"दोन्ही मिळतील?"

"एका बापाकडून दोन्ही कसे मिळतील? लाखात एखादी विचित्र केस सोडली तर..." वेदश्री बोलता बोलता थांबली. तिने निकेशची पिशवी स्वतः फ्रिजमध्ये ठेवली होती.

"मुलगा एबी आहे," हरिभाऊ म्हणाले. "ज्या बाईने त्याला जन्म दिला, ती बी होती. नोंद खरी. खाटेवरची बाई ओ आहे. नळीही खरी, दोन्ही वेळा. सपना कुठेच चुकली नाही. चूक एकच आहे. आपण एका नावाची एकच बाई धरून चाललो."

फ्रिजची मोटर सुरू झाली. हरिभाऊंना तो आवाज घरचा, ओळखीचा होता.

मग त्यांनी टाकाचं सांगितलं. त्यांच्या एका मावशीच्या गळ्यात तसाच होता. बायको मेली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायचा. म्हणजे पहिली मागे लागत नाही, संसारात विघ्न आणत नाही. मावशी आयुष्यभर सवतीला आंघोळ घालून मग स्वतः जेवायची.

"तुम्ही अहवालात जुनी नोंद चुकली, असं लिहिलंत तर?" वेदश्रीने हळूच विचारलं. "सपना सुटेल. त्या बाईंचं झाकलेलं झाकलेलं राहील."

हा मोह मोठा होता. असे अहवाल लिहिण्यात हरिभाऊंचा हातखंडा होता.

"आणि या नावावर बी राहू दिलं, तर?"

वेदश्रीने संगणकावरची नोंद पुन्हा उघडली. मग म्हणाली, "एखाद्या दिवशी घाईत कुणी तीच नोंद धरेल. आणि बी लावेल."

"शिवाय समिती तिसरी नळी मागणारच," हरिभाऊ म्हणाले. "आणि ती बाईंनी आपणहून दिली पाहिजे."

६

दुपारची वेळ होती. भेटायला येणाऱ्यांची वेळ व्हायची होती आणि वॉर्ड पेंगत होता. हरिभाऊ खाटेजवळच्या एकुलत्या स्टुलावर बसले. सुमित्राबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

हरिभाऊंनी चौकशीचे सगळे प्रश्न मनात जुळवले होते. त्यातला एकही विचारला नाही.

"टाकाला आज आंघोळ राहिली असेल," ते म्हणाले.

बाईंचा हात गळ्याशी गेला.

"मशीनले समजते का भाऊ, कोण माय हाय आन् कोण नाई?"

"मशीनला एवढंच समजतं, की दोन बाया आहेत."

मग त्या सांगत गेल्या, भिंतीलाच. पुंडलिकरावांची पहिली बायको तापाने गेली, पोर अंगावर पीत होतं. मग या बाईंना पवनारच्या बाजूच्या एका गावातून आणलं, वय सतरा. बोहल्यावरून घरात आल्या, तर सासूने सांगितलं, आजपासून तुझं नाव सुमित्रा. यांना वाटलं, सगळ्याच पोरींचं नाव बदलतात. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला बसल्या, तर प्रत्येक भांड्यावर तेच नाव कोरलेलं.

"म्या सासूले विचारलं, हे काऊन? तर म्हणे, भांड्यायवर नाव टाकून झालं हाय, आता पुन्हा कोण पैसे देते. पोरालेही मायचं नाव तेच राह्यलं, दुकानालेही तेच. मलेच तेवढं नवीन."

पोर पहिल्या रात्री कुशीत घुसलं ते घुसलंच. त्याला सांगायचं, असं त्यांनी पुष्कळदा ठरवलं. शाळेत जाईल तेव्हा सांगू. लग्न होईल तेव्हा सांगू. पुंडलिकराव गेले, तेव्हा तर वाटलं, आता हे जाणणारी मी एकटी उरली. सांगितलं नाही, तर ते माझ्यासोबतच जाईल. आणि सांगितलं तर निकेश जाईल.

"त्याले कोणी नाई, असं तो म्हणते ना तुमाले?" त्यांनी विचारलं. "मलेही कोणी नाई भाऊ. मी त्याची कोणी नाई निघाली, तर मंग मी कोण?"

हरिभाऊंच्या घरीही कुणी त्यांना नावाने हाक मारून दिवस झाले होते. त्यांनी फक्त सांगितलं, की संध्याकाळी त्या सिस्टरला घरी पाठवणार आहेत, दोनदा चुकली म्हणून. आणि ती एकदाही चुकलेली नाही. पुढचं सांगायचा त्यांना हक्क नव्हता.

ट्रे घेऊन सपना दारातून गेली. तिने आत पाहिलं नाही. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"बलवा त्याले," त्या म्हणाल्या. "आन् नळी घेऊन येजो म्हणा डॉक्टरीणबाईले. दुसऱ्या कोणाच्या हातानं घेऊ नोका. वाद नको."

निकेश आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. वेदश्रीने रक्त काढायला घेतलं आणि सुई दंडात असतानाच बाईंनी त्याला सांगून टाकलं. फार थोड्या शब्दांत, उधारीचा हिशेब मिटवावा तसं. मी तुह्यी माय नोहोय. तुह्यी माय ह्या टाकात हाय. म्या तिच्या नावानं राह्यली.

निकेशने खाटेची दांडी धरली, सोडली, पुन्हा धरली. मग वळून बाहेर गेला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत गेला आणि थांबला. सपना दाराशी येऊन उभी राहिली. बाईंनी डोळे मिटले. दंडावरचा कापूस त्यांनी स्वतःच दाबून धरला.

तो परत आला, तेव्हा वेदश्री थेंब काचेवर मिसळून आली होती. ओच. निकेशने तिच्याकडे पाहिलं.

"म्हणून माह्यं रक्त चाललं नाई तिले."

"नाही," वेदश्री म्हणाली. "तू एबी आहेस. तुझं रक्त तुझ्या सख्ख्या आईलाही चाललं नसतं. ती बी होती."

निकेश हे कितीतरी वेळ मनात जुळवत राहिला. दुकानदार माणूस, दोन्ही पारडी बघितल्याशिवाय मानणारा नव्हे. मग तो खाटेच्या उशाकडे गेला.

"तुह्यं नाव काय हाय मंग?"

बाईंनी टाक पदराआड सारला.

"धुरपता."

"धुरपता," निकेश म्हणाला. मग मान हलवली. "मी मायच म्हणीन. पण पट्टीवर ते लिवा."

सपनाने पट्टी बदलायला घेतली. तिने नवं नाव एकेक अक्षर सुटं करून लिहिलं. वेदश्री अध्यक्षांना फोन लावायला बाहेर गेली. त्यांना टाइप केलेला निष्कर्ष फाडावा लागणार होता.

हरिभाऊंची आयुष्यातली पहिली चौकशी तडीला गेली होती. रक्त, नातं, नाव, आणि माणसाचं या जगातलं एकटेपण यांविषयी चार शब्द बोलावेत असं त्यांना फार वाटलं. निरोप समारंभालाही त्यांना बोलू दिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, घसा साफ केला, सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "जरा उठता का तिथून? पोराले बसू द्या."